एरंडेलाची कॉफी

मुलं वाढवणं म्हणजे मुख्यतः घाण काढणं. हे कोणी लिहीत नाही. आईपणावर भाषणं देणाऱ्या बायका मी शाळेच्या संमेलनांतून पुष्कळ ऐकल्या. त्यांतली एकही कधी मोरीत उकिडवी बसून दुपटी धूत असेल असं तिच्या बोलण्यावरून वाटलं नाही. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवायची. सकाळी दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसायची आणि दुपारी लालबागला घरी येऊन स्वतःच्या. शेंबूड, ओकाऱ्या, उवा, खरूज, जंत यांतच माझी उमेदीची वर्षं गेली. आता म्हातारपणी लोक विचारतात, मुलांचं बालपण आठवतं का हो? आठवतं. पण आधी वास आठवतो, मग मुलं.

आमची खोली दहा बाय बाराची, दुसऱ्या मजल्यावर. गॅलरीच्या टोकाला साठ माणसांत मिळून चार संडास, त्यांतल्या एकाची कडी कायम तुटलेली. सकाळी टमरेल हातात घेऊन रांगेत उभं राहायचं आणि पुढच्याच्या पाठीकडे बघत बसायचं. अशा चाळीत माझी एक शिस्त होती आणि तिच्याबद्दल मी प्रसिद्ध होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलांना एरंडेल. नाक दाबायचं, चमचा घशात घालायचा, वर कढत चहा, आणि दिवसभर मऊ भात. शेजारच्या बायका आपली पोरं माझ्याकडे धरून आणायच्या. मी त्यांनाही पाजायची. पोरं मला बघून पळायची आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. आज त्या अभिमानाचीच शिसारी येते.

थोरला चौदाचा झाला तेव्हा त्याने जाहीर केलं की आता चमचा बास. ह्यांनी त्याचीच बाजू घेतली. हे गिरणीत साळखात्यात मागावर, कोकणातून आलेले, मोजकं बोलणारे. "मिशी फुटली त्याका. आता कसला एरंडेल पाजतस?" म्हणाले. मग चमच्याला एकटी धाकटी उरली. ती अकरा वर्षांची होती आणि निमूट प्यायची.

मिशी फुटलेल्या मुलाचं कौतुक ज्यांना करायचं त्यांनी करावं. मला तो दोन वर्षं बघवत नव्हता. उशीच्या अभ्र्याला तेलाचा काळा गोल, काखेचा आंबूस वास, चेहऱ्यावर फोड आणि ते फोडायला माझा टिकलीचा आरसा. जेवताना भुरके मारायचा, आणि बोलायला गेलं की खांदे उडवायचा. एकच टॉवेल घरात, अंग पुसून झालं की तो ओला गोळा करून गादीवर टाकायचा. एकदा मी तो गोळा उचलून त्याच्याच पानात ठेवला. त्याने तो शांतपणे बाजूला केला आणि आमटी ओरपली.

पण खोटं कशाला लिहू, तोच मुलगा मला हसवायचाही. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून तेव्हा सगळं गिरणगाव पेटलं होतं. रोज कुठेतरी सभा, रोज भिंतीवर नवा मजकूर. हा शिवाजी पार्कातून सभा ऐकून यायचा आणि आमच्या पत्र्याच्या ट्रंकेवर उभा राहून सगळी भाषणं करून दाखवायचा. कोणाचा घोगरा आवाज, कोणाचं बोट नाचवणं, कोणी मध्येच पाणी कसं पितो, सगळं. धाकटी खाली बसून पातेल्यावर टाळ्या वाजवायची. हे विडी विझवून बघत राहायचे. मीही वह्या तपासायच्या सोडून बघायची. अशा वेळी त्याच्या काखेचा वास मला येत नसे.

मग तो दिवस ठरला. सगळ्या मुंबईत हरताळ, आणि लालबाग-परळमधून मोर्चा फाउंटनकडे निघणार. चाळीतली सोळा-सतरा वर्षांची सगळी पोरं जाणार होती आणि माझा पंधराचा म्हणाला, मीही जाणार. मी नाही म्हणाले. त्याने जेवण सोडलं. दोन दिवस ताटावर बसला नाही. ह्यांना म्हटलं, तुम्ही तरी सांगा. तर म्हणाले, "जाऊ दे त्याका. सगळ्यांची पोरां जातत." सगळ्यांची जातात म्हणून माझंही जावं, हे मला पटत नव्हतं. आधीच्या आठवड्यात डोकं फुटलेला एक माणूस मी परळच्या नाक्यावर बघितला होता. त्याच्या शर्टावरचं रक्त सुकून काळं झालं होतं आणि त्यावर माश्या बसत होत्या. पोलीस लाठी उगारताना समोरच्याचं वय विचारत नाहीत. मला माझं पोर घरात हवं होतं, बस्स.

पण उघड अडवायची माझी छाती नव्हती, हे खरं कारण. तेव्हा मुलाला अडवणारी आई म्हणजे फितूर. मागच्या चाळीत एका बाईने नवऱ्याला मोर्चाला जाऊ दिलं नाही, तर तिच्या दारात कोणीतरी बांगड्या टाकल्या होत्या. मी तर मास्तरीण, चार लोकांत मान असलेली. मला पोरगाही वाचवायचा होता आणि मानही.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी धाकटीला वाण्याकडे पाठवलं, एरंडेलाची शिशी आण म्हणून. ती म्हणाली, "आई, पहिला रविवार कुठे आलाय?" मी म्हटलं, तोंड बंद कर आणि आण.

सकाळी मी थोरल्यासाठी कॉफी केली. आमच्याकडे कॉफी म्हणजे पाहुण्याला नाहीतर आजाऱ्याला. दूध जास्त, साखर जास्त, वर जायफळ किसून. त्यात दोन मोठे चमचे एरंडेल घातलं आणि रवीने घुसळलं. तरी वर तेलाचे डोळे आलेच. ते त्याला दिसले.

"हे काय गं?"

"साय आहे," मी म्हटलं. "पी. आज दिवसभर उन्हात असशील."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. "म्हणजे तू जा म्हणतेस?"

"हो."

"आयशप्पथ, मला वाटलंच नव्हतं. तू हो म्हणालीस ना, आता मला काही नको." आणि त्याने तो पेला एका दमात, तळाला जमलेल्यासकट, रिकामा केला. ओठावरच्या त्या चार केसांना तेल लागलं, ते त्याने मनगटाने पुसलं. वास त्याला आला असणारच. चौदा वर्षं ज्याने एरंडेल प्यायलं त्याला तो वास कळणार नाही? पण आईने साय म्हटली म्हणून ती साय. तेव्हा मला माझीच इतकी किळस आली की मी पेला घेऊन मोरीत गेले आणि उगीचच तीन वेळा घासला.

माझा अंदाज असा होता. आठला प्यायला, म्हणजे अकरापर्यंत पोट ढवळायला लागेल. मोर्चा बाराला निघणार. तोवर हा संडासाच्या रांगेत असेल, आणि पोट बिघडलं म्हणजे कोणी कोणाला नावं ठेवत नाही. शिक्षिकेच्या नीटनेटकेपणाने मी हे ठरवलं होतं. वर त्याला ह्यांचा पांढरा लेंगा घालायचा होता, अर्धी चड्डी नको म्हणाला, तर तांब्यात निखारे घालून तो लेंगाही मीच कडक इस्त्री करून दिला. कुठे जायचंच नाहीये त्याला, मग इस्त्रीला काय हरकत, असा विचार केला.

साडेनऊला खाली शिट्टी वाजली. नाक्यावर पोलीस गाड्या आल्या होत्या म्हणून पोरांनी बेत बदलला होता. बाराची वाट न बघता आत्ताच, गल्ल्यागल्ल्यांतून भायखळ्यापर्यंत जायचं. माझा थोरला चपला घालून जिन्याकडे धावला. गॅलरीत सगळ्या बायका निरांजनं घेऊन उभ्या. समोरच्या खोलीतल्या काकूंनी त्याला कुंकू लावलं. मी दारात होते. तेव्हा ओरडायला हवं होतं, थांब, जाऊ नकोस, मी तुला काय पाजलंय ते ऐक. एवढं एक वाक्य. पण चाळीतल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. काकू म्हणाल्या, "अगो, तू पण ओवाळ की लेकाक!" आणि मी ओवाळलं.

पुढचं मी त्याच्याकडून कधीच ऐकलं नाही. इतरांकडून ऐकलं, आणि तेही हसत हसत सांगितलेलं. भायखळ्याच्या भाजी बाजारापाशी पोलिसांनी मोर्चा अडवला. लाठ्या वर गेल्या. पोरं घोषणा देत पुढे सरकली आणि नेमकं तेव्हाच माझ्या मुलाचं पोट सुटलं. रस्त्यात, उभ्याउभ्या, सगळ्यांसमोर, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या लेंग्यात. त्याला वाटलं आवरेल, म्हणून तो खाली बसला, तर आणखीच. मागच्या पोरांनी बघितलं. कोणीतरी ओरडलं, "अरे, ह्याची पोलिसांना बघूनच पातळ झाली रे!"

तो दोनच्या सुमाराला घरी आला. कमरेला कांद्याचं गोणपाट गुंडाळलेलं. बाजारातल्या कोणा भाजीवालीने त्याला नळाखाली नेऊन धुतलं होतं आणि ते गोणपाट दिलं होतं. तिचं नाव-गाव मला माहीत नाही, पण त्या दिवशी माझ्या मुलाला आई म्हणून कोणी भेटलं असेल तर ती. लेंगा त्याने पिळून हातात धरला होता. भायखळ्यापासून लालबागपर्यंत तसाच चालत, दोन जिने चढून, गॅलरीतल्या प्रत्येक दारासमोरून. माझ्या हातात लेंगा दिला आणि मोरीत जाऊन तोंड भिंतीकडे करून बसला. संध्याकाळपर्यंत त्याचं पोट चालूच होतं. मी दोन चमचे घातले होते ना.

पुढे त्या दिवशी फाउंटनला गोळ्या चालल्या, हे मुंबईत सगळ्यांना माहीत आहे. आमच्या चाळीतली दोन पोरं डोक्याला टाके घालून आली, त्यांना खांद्यावर घेऊन वर आणलं. काकू मला म्हणाल्या, देवाने तुझ्या पोराला मधूनच परत पाठवलं गो. आणि वाचणारे तुम्हीही म्हणाल, बाई, पोरगा जिवंत राहिला ना? राहिला. हे मीही स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की आता ते तोंडात आलं तरी थुंकावंसं वाटतं. कारण वाचवणं एका सकाळचं होतं. त्यानंतर मी जे केलं ते चार वर्षं चाललं.

ह्यांना त्याच संध्याकाळी शिशी सापडली, मोरीच्या फळीवर राखेच्या डब्यामागे. उघडून वास घेतला. "ह्या काय केलस गो?" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, बोलू नका. ते बोलले नाहीत. शिशी तर धाकटीनेच आणलेली, तिला सांगायची गरजच नव्हती. पुढे एकदा भावाबहिणीचं भांडण लागलं, आणि ती चिडून "तुला ना त्या दिवशी..." असं म्हणायला लागली, तेव्हा मी तिच्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर हिरवंनिळं होतं. त्यानंतर तीही शिकली.

त्याला चाळीत नाव पडलं, पिवळा बावटा. तेव्हा सगळीकडे बावटेच बावटे होते, पोरांना सुचायला वेळ लागला नाही. तो जिन्यातून उतरला की वरून कोणीतरी हळूच म्हणायचं, "निघाला रे पिवळा बावटा." लहान पोरंसुद्धा म्हणायची, ज्यांना अर्थ माहीत नव्हता ती. त्याने गॅलरीत उभं राहणं सोडलं. कबड्डी सोडली. सभांना जाणं तर सोडाच. ट्रंकेवर तो पुन्हा कधी चढला नाही.

आठ-दहा दिवसांनी मी भाकऱ्या थापत होते. तो जवळ येऊन बसला आणि खूप हळू म्हणाला, "आई, मला भीती वाटत नव्हती. म्हणजे, मला तसं वाटत नव्हतं. पण आत कुठेतरी असणार ना? माणसाला कळत नाही पण पोटाला कळतं."

तवा तापला होता, परातीत पीठ होतं, घरात आम्ही दोघंच होतो. याहून चांगली वेळ कोणती असते? मी म्हटलं, "होतं रे असं. त्यात काय."

हे वाक्य माझ्या आयुष्यातलं सगळ्यात घाणेरडं वाक्य आहे. मुलांचं काय काय मी हातांनी काढलं, पण याच्याइतकं घाण काही नव्हतं. आणि मी ते भाकरी उलटता उलटता बोलले.

मी का सांगितलं नाही? तर मला सोयीचं होतं. तो घरात बसू लागला, अभ्यास करू लागला. पुढचे मोर्चे, सत्याग्रह, तुरुंग, सगळं शेजारच्या पोरांनी केलं, माझा घरात सुरक्षित. मॅट्रिकला चांगल्या गुणांनी पास झाला, फोर्टात एका विमा कंपनीत चिकटला. नातेवाईक म्हणायचे, किती शांत मुलगा, कसा वाढवलात हो? आणि मी, मी त्यावर सल्ले द्यायची! मुलांना लहानपणापासून शिस्त लावावी लागते, म्हणायची. शाळेतल्या पालक बायका माना डोलवायच्या. तो मात्र रस्त्यात पोलीस दिसला की पलीकडच्या बाजूला जायचा. ऑफिसात वरच्या साहेबाने आवाज चढवला तर घरी येऊन जेवायचा नाही. एकदा ह्यांना म्हणाला, "मी तसाच आहे, बाबा. मला माहितीये." हे ताटाकडे बघत भात कालवत राहिले.

आणि मग मुंबईसह महाराष्ट्र झाला. त्या संध्याकाळी आमच्या चाळीत दिव्यांच्या माळा, रांगोळ्या, गॅलरीत सतरंज्या. आमच्या मंडळाचे अध्यक्ष खालच्या मजल्यावरचे, भरदार आवाजाचे. त्यांनी ठरवलं होतं, त्या पहिल्या मोर्चाला चाळीतली जी जी पोरं गेली होती त्यांना एकेक करून बोलवायचं, हार आणि नारळ द्यायचा. पोरं आता वीस-एकवीसची झाली होती. एकेकाचं नाव घेतलं की टाळ्या. टाके पडलेल्या दोघांना तर बायकांनी ओवाळलं. माझा एकोणिसाचा मुलगा आत खोलीत, दार लोटून, दुसऱ्या दिवशीचे बूट पुसत बसला होता. हे आणि धाकटी त्याच्याजवळ.

हार संपले. शेवटचा एक उरला. मागून कोणीतरी म्हणालं, "पिवळा बावटा राहिला की!" आणि सगळी गॅलरी हसली. दुष्टपणाने नव्हे, सणाच्या दिवशी हसतात तशी. अध्यक्षही हसले.

माझ्या डोक्यात एकदम काहीतरी सणकलं. मी उठून उभी राहिले. "तो घाबरला नव्हता," मी म्हटलं. आवाज वर्गातला निघाला. "ऐका सगळे. मी त्याला त्या दिवशी एरंडेल पाजलं होतं. कॉफीतून. मोर्चाला जाऊ नये म्हणून. तो काही घाबरला नव्हता."

मला वाटलं आता कोणी थुंकेल, कोणी बांगड्या फेकेल. मी त्याला तयार होते, खरंच तयार होते.

"अगो बाय माझ्ये!" काकू म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मग सगळेच. हसता हसता एकमेकांच्या अंगावर पडले. "मास्तरीणबाई, भारी हां!" "कॉफीत? आणि त्याला कळलं नाही?" एकीने विचारलं, किती चमचे घातलेत? दुसरी म्हणाली, मला सुचलं असतं तर माझ्याचंही डोकं फुटलं नसतं. अध्यक्षांनी तो उरलेला हार उंच धरला आणि म्हणाले, "मग हा हार त्या एरंडेलाच्या बाटलीला घालूया!" टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्या वेळी पडल्या. कोणीतरी माझ्या तोंडात पेढा कोंबला आणि मी तो गिळला.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी हे सगळ्या चाळीला सांगितलं होतं आणि ज्याला सांगायचं त्याला सांगितलंच नव्हतं.

मी दार ढकलून आत गेले. तो खाली बसलेला, एक बूट हातात घातलेला, ब्रश थांबलेला. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. ह्यांच्याकडे बघितलं.

"बाबा, तुम्हाला?"

ह्यांनी मान खाली घातली.

मग त्याने धाकटीकडे बघितलं. ती सोळा वर्षांची पोर हुंदके देऊन रडायला लागली. "मीच आणली होती शिशी," म्हणाली.

मी म्हणाले, अरे, तू जिवंत राहावास म्हणून. त्याने मान हलवली, जणू हे त्याला मान्यच होतं. रागावला असता, बूट फेकून मारला असता तर मी त्याचे पाय धरले असते.

"म्हणजे घरात फक्त मलाच माहीत नव्हतं," तो म्हणाला.

बाहेर हसणं चालूच होतं. त्याने हातातला बूट खाली ठेवला, दुसरा उचलला आणि ब्रश मारायला लागला.